नरोलीचे सहा पटाखे

डिसेंबरातल्या एका सकाळी वंदना आटोपली, आणि अगरबत्ती अजून जळत असतानाच सुकदेवमामा म्हणाले, "मला एकदा नरोलीला ने. एका माणसाची माफी मागायची राहिली आहे."

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. वय एकोणनव्वद. मूलबाळ नाही, मामी गेल्यापासून सुरतेतल्या उधन्याला आमच्याकडेच राहतात. रेल्वेत गँगमन म्हणून लागले आणि मेट होऊन निवृत्त झाले. मेट म्हणजे रूळ सांभाळणाऱ्या टोळीचा मुकादम. आमच्याकडे राहायला आल्यापासून त्यांनी माझ्याकडे चहासुद्धा मागून घेतलेला नाही, दिला तर घेतात. त्यामुळे मी ऐकतच राहिलो.

"थंडी ओसरू द्या मामा, फेब्रुवारीत जाऊ," मी म्हणालो.

"आते नही जाऊत, ते कवय जाऊत?" मामा म्हणाले. मन हललेलं असलं की ते आमच्या अहिराणीवर येतात. आता नाही, तर मग कधी? हे एकोणनव्वदाव्या वर्षी विचारलेलं. मी गाड्यांच्या वेळा बघायला घेतल्या.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. रोज सकाळी आम्ही घरचे सगळे मिळून पंचशील म्हणतो. दुसरं शील आहे न दिलेली वस्तू न घेण्याचं. त्या ओळीला मामांचा आवाज खाली जातो आणि पुढच्या ओळीला परत वर येतो. म्हातारपणाची धाप असेल असं मी समजायचो. पण मी गावाकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत होतो, मामा सुट्टीला यायचे, तेव्हाही तो आवाज असाच जायचा. आणि तेव्हा मामा म्हातारे नव्हते.

माझी मुलगी प्रज्ञा इथल्या कॉलेजात इतिहास घेऊन शिकते. मैत्रिणींशी गुजराती, भावाशी हिंदी आणि आमच्याशी मराठी, अशी तिची वाटणी आहे. परकीय सत्तेविरुद्धचा असंतोष कसा वाढत गेला, यावर तिला काहीतरी लिहून द्यायचं होतं. ती म्हणाली, "पप्पा, शनिवारी सुरत बघू, रविवारी नरोली. माझंही काम होईल." मी एका कापड गिरणीत घडीखात्यात आहे, दिवसभर कापडातले दोष शोधतो. शनिवारी अर्धी रजा टाकली.

शनिवार: तापीकाठचा किल्ला

सुरतेत इतकी वर्षं राहून मी किल्ला आतून पाहिला नव्हता. बाहेरगावच्या पाहुण्यांना चौपाटी दाखवतो, लोचो खिलवतो, किल्ल्याचं नाव काढत नाही. आता तो छान दुरुस्त केला आहे. उधन्याहून रिक्षा दीडशेच्या आसपास घेते, सिटी बस फार स्वस्त पडते. आत चांगला अडीच-तीन तासांचा वेळ हवा. दारावरच्या रखवालदाराने मामांना पाहिलं आणि स्वतःची खुर्ची पुढे सरकवली. "बेसो ने काका, शांतीथी जुओ." मामा बसले आणि तापीकडे बघत राहिले.

प्रज्ञा मला फिरवत होती. इंग्रज या शहरात आला तो वखार मांडायची परवानगी मागत. तलवार नंतर आली, आधी तराजू आला. कतारगाम दरवाज्याकडे त्यांचं जुनं कब्रस्तान आहे, तेही आम्ही पाहिलं. थडगी कसली, घुमटांचे महाल आहेत. व्यापारी माणूस मेल्यावर नवाबासारखा झोपलेला. भाडं भरून राहणारा भाडेकरू मालक कधी झाला, हे त्या घुमटांकडे बघून कळतं.

"आणि सुरतचे लोक काय करत होते?" मी विचारलं.

"मिठावरचा कर वाढवला तेव्हा दुकानं बंद करून रस्त्यावर आले. सरकारला कर कमी करावा लागला."

"मग स्वराज्य मिळालं?"

"नाही ना. कर कमी झाला, लोक घरी गेले." ती पायरीवर बसली. "मला तेच लिहायचं आहे पप्पा. लोक चिडतात आणि घरी जातात. मग एक दिवस चिडतात आणि घरी जात नाहीत. मधे काय होतं?"

 परत येताना पोंक घेतला. थंडीत सुरतेला आलात तर हा कोवळ्या ज्वारीचा हुरडा, वर लिंबू-मिऱ्याची शेव टाकून, खाल्ल्याशिवाय जाऊ नका. मामांच्या तोंडात दात नाहीत, त्यांना वाटीभर कुटून दिला.

रविवार: भिलाडपर्यंत

नरोली दादरा-नगरहवेलीत आहे. सुरतेहून जाणारे बहुतेक लोक वापीला उतरून सिल्वासाला जातात. नरोलीला जायचं तर वापीच्या पुढचं भिलाड स्टेशन जवळ पडतं. आम्ही उधन्याहून सकाळची पॅसेंजर धरली. तिकीट माणशी पन्नासच्या आत, वेळ अडीच तास, गाडीच्या मनात आलं तर तीन. सोबत कळण्याची भाकरी आणि ठेचा होता. बलसाडला चहा चांगला मिळतो.

खिडकीशी बसून मामांनी सगळं सांगितलं. त्यांच्याच शब्दांत लिहायचा प्रयत्न करतो.

"साल चोपन्न. देश मोकळा होऊन सात वर्षं झाली होती, पण भिलाडपासून दोन-तीन कोसांवर पोर्तुगीजांचं राज्य होतं. माझे वडील इथल्या गँगचे मेट. आम्ही गँगचाळीत राहायचो. मी अठराचा, कामधंदा नाही. गँगमध्ये लखमा नावाचा चावीवाला होता. वारली. चावीवाला म्हणजे रोज पहाटे आपल्या हद्दीतला रूळ पायी तपासणारा. हातोडा, झेंडी आणि पटाख्यांचा डबा त्याच्या ताब्यात."

प्रज्ञाने विचारलं, "पटाखे कसले आजोबा?"

"रेल्वेचे. पत्र्याची चपटी डबी, आत दारू, बाजूला शिशाच्या पट्ट्या. धुकं असलं, रूळ तुटला, तर रुळावर बांधायचा. चाक चढलं की तोफेसारखा वाजतो. ड्रायव्हर गाडी थांबवतो."

त्या पावसाळ्यात भिलाडच्या बाजूला मुक्तीसाठी लढणारे तरुण जमले होते. बरेचसे मराठी बोलणारे. नरोलीची पोलीस चौकी घ्यायची होती. बंदुका मोजक्याच. त्यांच्यातल्या एकाला मामांनी बोलताना ऐकलं, "आपण फार जण आहोत असं त्यांना वाटलं पाहिजे. आवाज हवा."

"मी धावत गँगहटवर, टोळीच्या खोपीवर गेलो. लखमाचा डबा खुंटीला होता. दहा पटाखे. सहा काढले. लखमा तेव्हा त्याच्या गावी, नरोलीलाच होता. त्याच्याकडे पोत्यात गुंडाळून घेऊन गेलो आणि खोटं सांगितलं, पुढच्या गँगच्या हटमधून आणलेत. तो म्हणाला, चल."

चौकीच्या तीन बाजूंना, सपाट दगड बघून त्यावर पटाखा ठेवायचा आणि बांधावरून त्यावर धोंडा सोडायचा. मामांना लखमाने बांधामागे झोपवलं, धोंडे स्वतः सोडले. पटाखे वाजले, तिकडून तरुणांनी आरोळ्या दिल्या, गोळ्या झाडल्या. चौकीने शस्त्रं खाली ठेवली. सकाळी तिथे तिरंगा होता. थोड्याच दिवसांत, दोन ऑगस्टला सिल्वासा मोकळं झालं, ते सगळ्यांना माहीत आहे. पटाख्यांचं कुठे लिहिलेलं नाही.

"आठवड्याने तपासणीला साहेब आला. डबा उघडला, चारच पटाखे. लखमाला विचारलं. तो म्हणाला, नाल्यात पाय घसरला, पडले. चावीवाल्याने पटाखे हरवले म्हणजे नोकरी गेली. मी वडिलांच्या मागे उभा होतो, भिंतीला धरून. एक शब्द बोललो नाही. बोललो असतो तर मेटच्या पोराने डबा फोडला, म्हणून वडिलांची नोकरी आणि खोली दोन्ही गेल्या असत्या. लखमा हातोडा ठेवून निघून गेला. दोन वर्षांनी मी त्याच रेल्वेत लागलो."

खिडकीबाहेर चिकूच्या वाड्या पळत होत्या. प्रज्ञाने मामांचा हात धरला.

"आणखी एक सांगतो," मामा म्हणाले. "हटमध्ये दुसरा डबा होता, मुदत संपलेल्या पटाख्यांचा. नष्ट करायला ठेवलेला. त्यातले घेतले असते तर कुणी विचारलंही नसतं. पण मी गँगमनचा पोरगा. जुना पटाखा वेळेवर दगा देतो, हे वडिलांनी घोकून घेतलं होतं. म्हणून मी हट्टाने नवे घेतले." मग म्हणाले, "तरी एक वाजला नाहीच. वाटेत भिजला असेल."

भिलाड ते नरोली

स्टेशनबाहेर रिक्षांची रांग असते. शेअर रिक्षा नरोलीला माणशी तीस रुपये घेते, अख्खी केली तर दीडशे-दोनशे. गुजरातेत दारूबंदी, आणि हद्द ओलांडली की दुकानंच दुकानं, त्यामुळे रविवारी गर्दी तुफान. रिक्षावाल्याने मामांचा हात धरून बसवलं आणि अगदी काळजीने विचारलं, "काका, सीधा बार में छोडूं, या पहले नाश्ता?"

मामा म्हणाले, "बेटा, मैं सत्तर साल लेट हो गया."

रिक्षा हसली. चांगला शकुन वाटला. परतताना मात्र हद्दीवर पिशव्या तपासतात, हे लक्षात ठेवा.

रस्ता चांगला आहे. पण मामांची नरोली सापडेना. त्यांच्या आठवणीत भातखाचरं, ताडाची झाडं, लखमाच्या दारची चिंच आणि एक चौकी. आता सुताच्या, प्लास्टिकच्या कारखान्यांच्या भिंती आणि त्यांना लागून भाड्याच्या चाळी. नाक्यावर पानवाल्याला विचारलं, "लखमा नावाचा एक वारली होता, नदीकडच्या पाड्यावर." तो बिहारचा, दोन वर्षांपूर्वी आलेला. किराणावाला राजस्थानचा. चहावाला म्हणाला, "लखमा नाम के तो दस होंगे, चाचा."

तासभर गेला. ऊन चढलं. मामा दुकानाच्या पायरीवर बसले, घोटाघोटाने पाणी पीत. मी मनात म्हणत होतो, आता परत जाऊ या. शेजारी एक म्हातारी वालपापडी विकत बसली होती. ती बराच वेळ आमचं ऐकत असावी.

"रेल्वेतला लखमा?" तिने विचारलं. "पटाखेवाला?" आणि हसली. हसली ती अशी की शेजारची दुसरी बाईही हसायला लागली.

मामांचा चेहरा उतरला. ते उठले आणि काठी टेकत स्टेशनच्या दिशेला तोंड करून उभे राहिले.

"चल परत," मला म्हणाले.

"मामा, आता तर घर सापडेल!"

"ऐकलंस ना नाव? माझ्या चोरीचं नाव त्याला चिकटलं. सत्तर वर्षं गाव त्याला पटाखेचोर म्हणून हसतं आहे. कोणत्या तोंडाने जाऊ?"

 माणसाची अशी शरम बघितली की भाचा लहान होतो. प्रज्ञा त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. "आजोबा, तुम्ही परत गेलात तर ते असंच हसत राहतील. तुम्ही सांगितलंत तर निदान कुणाला हसायचं ते तरी त्यांना कळेल."

फार कडू बोलली असं मला वाटलं. पण मामांनी काठी फिरवली.

चिंचेजवळचं घर

म्हातारीने सांगितल्याप्रमाणे कारखान्याच्या भिंतीच्या कडेने पंधरा मिनिटं चाललो. भिंत संपली आणि एकदम पाडा लागला. कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेलं अंगण, काही घरांवर पत्रे. एका घरासमोर मामांच्याच आठवणीतली चिंच. खाली सत्तरीचा एक माणूस बाजेवर बसून जाळ्याची भोकं शिवत होता. त्याने आम्हाला पाहिलं, आत हाक मारली. एक बाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. पाणी पिऊन होईपर्यंत कुणी काही विचारलं नाही. मग तो म्हणाला, "मी देवजी. लखमाचा पोरगा. ही माझी सून, कमल. बसा."

"लखमा?" मामांनी विचारलं.

"बास गेला. वीस-बावीस वर्षं झाली." वारली बोलीत बापाला बास म्हणतात.

 मामा निवृत्त झाले तेव्हा लखमा जिवंत होता. इथे, याच चिंचेखाली. अडीच तासांच्या वाटेवर.

मग मामांनी सगळं सांगितलं. उभं राहून सांगितलं, बसले नाहीत. डबा, पोतं, खोटं, तपासणी, भिंत. शेवटी म्हणाले, "तुझ्या बापाची नोकरी माझ्यामुळे गेली. चोरी मी केली. त्याची माफी मागायला उशीर झाला, म्हणून तुझी मागतो." आणि वाकायला लागले.

देवजीने त्यांना वाकू दिलं नाही. हातातलं जाळं बाजूला ठेवलं. चेहऱ्यावर काहीच दिसत नव्हतं. त्याने विचारलं, "किती होते?"

"काय?"

"पटाखे. किती आणले होते?"

"सहा."

"वाजले किती?"

"पाच. एक वाजला नाही."

"त्याचा काय केला?"

मामांनी डोळे मिटले. "लखमाने नदीत फेकला. म्हणाला, मुका आहे, माशांना घाबरवू दे."

देवजी ताडकन उठला. सत्तरीचा माणूस अंगणाच्या कडेला जाऊन शेजारच्या घराकडे ओरडला, "ए बारकू! भाईर ये! भाईर ये लवकर! पाच वाजले आणि सहावा मुका, सांगायला मानूस आला!"

बारकू बाहेर आला, देवजीच्याच वयाचा, हातात भाताचं ताट. मागोमाग पोरं, बाया, दहा-पंधरा माणसं जमली. देवजी मामांच्या खांद्याला धरून म्हणत होता, "आता सांगा बाबा. परत सांगा. मोठ्याने."

गोष्ट अशी होती. नोकरी गमावून आल्यावर लखमा आयुष्यभर सांगत राहिला, की नरोलीच्या लढाईत मी पटाखे वाजवले, पाच वाजले, सहावा मुका. आणि पाडा आयुष्यभर त्याला हसला. नोकरीत चूक करून हाकलला गेला आणि म्हणे फिरंग्याला पळवला! ना कागद, ना साक्षीदार, ना कोणत्या पाटीवर नाव. दोन ऑगस्टला गावात झेंडा लागला की कुणीतरी थट्टा करायचं, "लखमा, आज पटाखे नाहीत का?" बारकूचा बाप सगळ्यांत पुढे. पटाखेवाला हे नाव तिथून आलं. चोर असं कुणी कधी म्हटलंच नव्हतं.

"हातावरचा वण दाखवायचा आमाला," देवजी म्हणाला. "इथे, कोपराखाली. पत्रा उडून लागला म्हणायचा. मीपन, खरं सांगतो, मोठा झाल्यावर मानायचो नाय. बापाचं मन राखायला हू म्हणायचो."

मामांनी तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा बारकू ताट खाली ठेवून ऐकत होता. शेवटी एवढंच म्हणाला, "आमचा म्हातारा फार हसला रे त्याला." आणि देवजीकडे न बघता चिंचेकडे बघत राहिला. देवजी म्हणाला, "जेव आधी, भात गार होतो."

एक गोष्ट मात्र मामांना सोडत नव्हती. "त्याला मी फसवलं. दुसऱ्या गँगचे आहेत असं सांगितलं. त्याला माहीत असतं तर तो आलाच नसता."

देवजी हसला. पहिल्यांदाच. "तुमाला काय वाटतं, चावीवाला आपल्या डब्यातला पटाखा ओलखत नाय? बास रोज पुसायचा ते. सांगायचा, पोराने पोतं सोडलं तेव्हाच समजला, नोकरी गेली. पन पोरगा घामाने भिजलेला, समोर एवढी मोठी गोष्ट. म्हटला, जाऊ दे नोकरी."

"मला का नाही बोलला?"

"बोलला असता तर तुमी पटाखे परत नेले असते."

मामा तेव्हा बाजेवर बसले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. त्यांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं, मामी गेल्या तेव्हाही नव्हतं. कमलने पदर डोळ्यांना लावला आणि मग एकदम म्हणाली, "जेवल्याशिवाय जाऊ नका हां," आणि आत पळाली.

जेवण आणि एक प्रश्न

तांदळाची भाकरी, वालाची उसळ, सुकटीची चटणी. मी मासळी खात नाही, माझ्यासाठी कमलने कांदा भाजून दिला. असं जेवण कोणत्या हॉटेलात मिळेल ते मला सांगता येणार नाही.

प्रज्ञाने वही काढली आणि देवजीला तोच, किल्ल्यातला प्रश्न विचारला. माणसं आधी चिडायची आणि गप्प बसायची, मग लढाई कशी झाली?

देवजी विचार करून बोलला. "बास सांगायचा, वेठ होती. गवत कापून द्यायचं, कोंबडी द्यायची, नाय दिली तर मार. जंगल आमचं, पन लाकडाला हात लावला तर मार. सगले चिडायचे. पन चिडून जाणार कुठे? असंच असतं, असं वाटायचं. मग पलीकडे स्वराज आलं. मधे नुसता हद्दीचा दगड. आमची गाय सकाळी स्वराजात चरायची, सांजेला फिरंग्याच्या राज्यात येऊन दूध द्यायची. बासपन तसाच. दिवसभर रेल्वेचा नोकर, मोकल्या देशातला. घरी आला की गुलाम. म्हणायचा, गायीला कलत नव्हतं, मला रोज त्या दगडाशी कलायचं. असं सात वर्षं कलत राहिलं. मग माणसं आली लढायला, तेव्हा कुणाला समजावायला लागलं नाय."

प्रज्ञाने लिहिणं थांबवलं होतं. नंतर तिने मला सांगितलं, की तिच्या पुस्तकात असंतोषाची पाच कारणं दिली आहेत, पण त्यात गाय नाही.

जेवणानंतर देवजी आम्हाला ती जागा दाखवायला घेऊन गेला. तिथे आता एका गोदामाची मागची भिंत आहे. बांध उरलेला नाही. भिंतीच्या पायथ्याशी एक सपाट काळा खडक अर्धा मातीत गेलेला दिसतो, तोच असेल असं देवजी म्हणाला. मामांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "सांगता येत नाही." मला ते आवडलं. हो म्हणणं सोपं होतं. मी तिथे हात जोडून मनातल्या मनात त्रिशरण म्हटलं. देवजीने त्याच्या पद्धतीने खडकावर थोडे तांदूळ ठेवले.

तुम्ही या बाजूला आलात तर नरोलीहून दमणगंगेवरच्या पुलाने सिल्वासा जवळच आहे. तिथे पोर्तुगीज काळातलं चर्च आहे, आदिवासी संग्रहालय आहे, वापीच्या रस्त्यावर दादऱ्याला मोठी बाग आहे. आम्ही यातलं काहीही पाहिलं नाही. साडेपाचची गाडी धरायची होती आणि देवजी मामांचा हात सोडत नव्हता. तेव्हा त्या जागांची माहिती दुसऱ्या कुणाकडून घ्या.

उधना

घरी येऊन आता तीन आठवडे झाले. मामांना दोन दिवस कणकण होती, मग बरं वाटलं. मी गिरणीत कापड तपासताना पुष्कळदा त्या दिवसाचा विचार करतो. मी शाळेत शिकलो त्या इतिहासात लढे पुढाऱ्यांनी केलेले होते. ते खोटं नाही. पण एक चावीवाला आपला डबा ओळखतो आणि ओळखलं नाही असं दाखवतो, त्या क्षणाला काय नाव द्यायचं ते मला सुचत नाही. प्रज्ञा म्हणते, तिच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. चिडलेला माणूस घरी जातो, कारण घरी त्याची नोकरी, खोली, भाकरी असते. ती जाणार हे दिसत असूनही जेव्हा तो "चल" म्हणतो, तेव्हा लढाई सुरू झालेली असते.

मला एवढं मोठं बोलता येत नाही. मला वाटतं, दोन माणसं सत्तर वर्षं एकच गोष्ट दोन टोकांना धरून बसली होती. एकाला ती सांगून कुणी मानत नव्हतं, दुसऱ्याला ती सांगायची लाज होती. मामा पंचवीस वर्षं आधी गेले असते तर लखमाने स्वतःच्या कानांनी ऐकलं असतं. ती बोच राहणार, मामांना आणि मलाही, कारण मीही कधी विचारलं नाही. पण पाड्यावरची आजची पोरं आता हसणार नाहीत, आणि हे थोडं नाही.

मागच्या सोमवारी कमलचा फोन आला. ती तिथल्या अंगणवाडीत काम करते. तिने शाळेच्या गुरुजींना सगळं सांगितलं होतं. गुरुजी म्हणत होते, बाबांना दोन ऑगस्टला मुलांसमोर बोलायला बोलवा.

मामांनी फोन घेतला. "दोन ऑगस्ट? माझ्या वयाला ऑगस्ट फार लांब आहे बेटा. सव्वीस जानेवारीला काय हरकत आहे?"

कमल हसली. संध्याकाळी गुरुजींचा होकार आला. तिने जाता जाता एक गोष्ट सुचवली. "बाबा, लहान मुलं असतात. पटाखे चोरले असं नका म्हणू. आणले म्हणा. आम्हाला तर काही राग नाही."

"नाही बेटा," मामा म्हणाले. "चोरले असंच सांगणार. मी नुसते आणले असते, तर तुझ्या आजेसासऱ्याने काय दिलं, ते पोरांना कसं कळेल?"